मद्यार्कावर चालणारे इंजिन

नागपुरात २०१४ सालच्या ऑगस्टमध्ये ‘ग्रीन बस’ या नावाने एक बस रस्त्यावर आली. तिच्या टाकीत ९५ टक्के इथेनॉल होते. इथेनॉल म्हणजे मळीपासून, मक्यापासून काढतात तो मद्यार्कच. (हा शब्द उच्चारला की सभेत हसू पिकते, पिकू द्या.) उरलेल्या भागात तो पेटावयास मदत करणारी द्रव्ये होती. बस स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीची. पुढे अशा बसगाड्यांची नियमित सेवा सुरू झाली आणि थकलेल्या बिलांच्या वादात २०१८ साली ती बंद पडली. त्यावरून पुष्कळ लोक म्हणू लागले की, मद्यार्कावर गाडी चालत नाही. हे म्हणणे खरे नव्हे. बस अडकली ती हिशेबाच्या वहीत. तिच्या इंजिनात हवा २८ पट दाबली जात असे. साध्या डिझेल इंजिनात १६ ते १८ पट. मद्यार्क नुसत्या दाबाने सहजी पेटत नाही, म्हणून इंजिनच त्याच्या स्वभावाप्रमाणे बांधले होते.

आपल्या पेट्रोलच्या गाडीला हाच न्याय लागू आहे. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नाही. १९४८ साली त्यासाठी पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. २००० साली तो रद्द झाला. २०२३ पासून २० टक्के मिश्रण पंपावर येऊ लागले आणि २०२५ साली ते देशभर पोहोचले. प्रश्न असा की, इंजिनाच्या पोटात त्यामुळे काय होते?

एक किलो पेट्रोल पुरते जाळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. मद्यार्काला ९ किलो पुरते, कारण त्याच्या अंगातच प्राणवायू असतो. म्हणजे हवा तेवढीच ठेवली तर इंधन जास्त सोडले पाहिजे. जुन्या कार्बोरेटरला हे कळत नाही. त्याचे जेट पेट्रोलच्या मापाचे. २० टक्के मिश्रणावर चूल कमी सरपणावर चालावी तसे इंजिन चालते, अडखळते, तापते. दुचाकीच्या कार्बोरेटरमध्ये सुईची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते व इंधन वाढते. एवढ्याने बहुधा भागते. ८५ टक्के मिश्रणाला मात्र सुमारे ४० टक्के अधिक इंधन हवे. येथे आमचे काही मिस्त्री घाई करतात. १ मिलिमीटरचे जेट १.४ चे केले, तर भोकाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते आणि प्लग काजळून जातो. क्षेत्रफळ ४० टक्के वाढवावयाचे तर व्यास १.१८ पुरे.

इंजेक्शनच्या गाडीत धुराड्यातला सेन्सर उरलेला प्राणवायू मोजतो व संगणक इंधन वाढवतो. पण त्या दुरुस्तीला हद्द असते. ८५ टक्के मिश्रण घातले की हद्द संपते आणि इंजिनाचा दिवा लागतो. फ्लेक्स गाडीत इंजेक्टर मोठे असतात, आणि ठिणगीची वेळही प्रमाण ओळखून बदलते.

ठिणगीची वेळ बदलण्यातच मद्यार्काचा खरा फायदा आहे. त्याचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, आणि वाफ होताना तो पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून सिलिंडर थंड ठेवतो. म्हणून ठिणगी थोडी आधी दिली, दाब वाढवला, तरी इंजिन ठोकत नाही. दाब न वाढवता नुसते इंधन बदलणाऱ्याच्या पदरी मायलेजची तूटच पडते.

थंडीत निव्वळ मद्यार्काची वाफ होत नाही. डिसेंबरच्या पहाटे गाडी रुसते. ब्राझीलमध्ये यासाठी गाडीत पेट्रोलची छोटी निराळी टाकी ठेवीत. आपल्या मे महिन्यातली गोष्ट उलटी. त्याच पेट्रोलमध्ये दहा-वीस टक्के मद्यार्क मिसळला तर वाफ जास्त सुटते, ८५ टक्के मिसळला तर कमी.

मद्यार्क पाणी ओढतो आणि जुने रबर फुगवतो. पावसाळ्यात गाडी उभी ठेवावयाची असेल, तर पाणी शिरू देऊ नये. इंधनात किती मद्यार्क आहे ते घरी पाहता येते. उघड्यावर, जाळापासून दूर, काचेच्या मोजपात्रात २० मिलिलिटर पाणी व ८० मिलिलिटर इंधन घालून हलवा. मद्यार्क पाण्यात उतरतो. खालचा थर ३५ च्या आसपास गेला, तर मिश्रण २० टक्क्यांचे समजा.

आता पैशाचे. लिटरमागे मद्यार्काची उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांश. २० टक्के मिश्रणात निव्वळ पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के कमी. ब्राझीलमध्ये २००३ पासून फ्लेक्स गाड्या आहेत. मद्यार्काचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांखाली असला की तेथला टॅक्सीवाला तो घेतो, नाहीतर पेट्रोल. आपल्याकडे मिश्रण पेट्रोलच्याच भावाने मिळते आणि निवड नाही. लिटरला १०० रुपये धरा. दिवसाला ५ लिटर जाळणाऱ्या रिक्षावाल्याच्या इंधनातून ३५ रुपयांची उष्णता गेली. २५ दिवसांत ८७५ रुपये. ही रक्कम मिश्रणाच्या भावातून वजा झाली पाहिजे, आणि प्रमाणाचा आकडा प्रत्येक पंपावर ठळक लिहिला पाहिजे, एवढीच आमची मागणी आहे.