नाक शाबूत, तरी वास का येत नाही?

कॅन्सरमुळे स्वरयंत्र पूर्ण काढलं की आवाज जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. वासही जातो, हे मात्र बऱ्याच पेशंटना घरी आल्यावरच कळतं. आखाडा बाळापूरच्या बाजूला हळद शिजायला लागली की तिचा वास शिवारभर पसरतो. या पेशंटला कढईजवळ उभं राहूनही तो येत नाही. जेवण बेचव लागतं. त्याहून गंभीर म्हणजे गॅसची गळती समजत नाही. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं इथाइल मरकॅप्टन मिसळतात, पण त्याचा इथे उपयोग होत नाही.

आता कारण बघू. ऑपरेशननंतर श्वासनलिका गळ्यावरच्या छिद्राला जोडतात. श्वास तिथूनच आत-बाहेर होतो, नाकातून हवा जात नाही. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या छतापाशी असतात. त्यांच्यापर्यंत हवाच पोचली नाही, तर त्या ओळखणार काय?

पण पेशी शाबूत आहेत हे कशावरून? यासाठी एक सोपी चाचणी आहे. नळीचं एक टोक तोंडात आणि दुसरं गळ्याच्या छिद्रावर घट्ट बसवायचं. पेशंटने श्वास घेतला की हवा नाकातून तोंडात आणि नळीतून फुप्फुसात जाते. तेव्हा वास आला, तर अडचण फक्त हवेच्या वाटेची आहे.

अ‍ॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या फ्रान्स हिल्गर्स आणि सहकाऱ्यांनी 2000 साली यावर एक व्यायाम मांडला. चारचौघांत आपण ओठ मिटून जांभई दाबतो ना, तसंच करायचं. ओठ बंद ठेवून जबडा आणि जीभ खाली ओढायची, टाळू सैल सोडायची, आणि हे भराभर पुन्हा पुन्हा करायचं. तोंडातली जागा वाढते, दाब कमी होतो आणि नाकातून हवा आत ओढली जाते. औषध नाही, ऑपरेशन नाही. वास न येणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना थोड्या प्रशिक्षणातच वास यायला लागला.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, ‘वास गेला’ हे लक्षण झालं. साखळी नेमकी कुठे तुटली हा खरा संशोधनाचा प्रश्न. दुसरी, काही पेशंटना प्रशिक्षणाआधीही वास येत असतो. त्यामुळे आधीची चाचणी न घेता नंतरचे आकडे दिले, तर व्यायामाला नसलेलं श्रेय मिळतं. सिनॉप्सिस लिहिताना हे दोन मुद्दे तपासा.

आणि ओळखीत असा पेशंट असेल, तर एवढं नक्की सांगा: मुंबईच्या टाटा मेमोरिअलसारख्या कॅन्सर रुग्णालयात बोलणं शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टला वासाबद्दलही विचारा. तोवर गॅसजवळ घरातलं दुसरं कुणीतरी असू द्या.