आधी ससा, मग माणूस

१९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे रुग्णांच्या नोंदींनिशी मांडले. पुढे तीनच वर्षांत सीबा या स्विस कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले आणि ते प्रयोगशाळांच्या हाती आले. स्वीडनमधील लुंड येथे आर्विड कार्लसन यांनी ते सशांना टोचले, तेव्हा ससे निपचित पडले. मग त्यांनी एल-डोपा टोचले आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडूफिरू लागले. इथवरचा प्रयोग नेत्रदीपक होता, पण पुरावा म्हणून कच्चा होता. एल-डोपापासून शरीरात आधी डोपामाइन आणि त्यापासून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनते. मग सशांना उठवले कोणी? कार्लसन यांनी मेंदूची रासायनिक तपासणी केली. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा साठा रिकामाच होता, डोपामाइन मात्र भरून आले होते. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनण्याच्या वाटेवरचा एक टप्पा एवढीच ज्याची किंमत होती, ते द्रव्य स्वतःच मेंदूचा निरोप्या ठरले.

१९५९ मध्ये कार्लसन गोथेनबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी लंडनच्या एका परिसंवादात हेन्री डेल यांच्यासारख्या दिग्गजांनी त्यांचा निष्कर्ष मानला नाही. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइन खालावलेले असते, हे त्याच सुमारास व्हिएन्नात सिद्ध झाले. १९६७ मध्ये डॉ. कोत्सियास यांनी तोंडावाटे एल-डोपाचे मोठे डोस देऊन दाखवले आणि उपचार रुळला. कार्लसन यांना नोबेल मात्र थेट २००० साली मिळाले. अशा कहाण्या आपल्याकडे एकाच साच्यात सांगितल्या जातात: एकटा प्रतिभावंत, आंधळे तज्ज्ञ, शेवटी सत्याचा विजय. गोथेनबर्गच्या आरोग्यविज्ञान शाखेचा, म्हणजे आजच्या सालग्रेन्स्का अकादमीचा, इतिहास या साच्यात कोंबणे सोपे आहे. माझ्या मते ते चुकीचे आहे. तिथली संशोधने टिकली ती तज्ज्ञांना विरोध केल्यामुळे नव्हे. विरोधकाला तपासता येईल अशा क्रमाने पुरावा पुढे ठेवला गेला, म्हणून ती टिकली.

तिथल्याच हृदयरोगतज्ज्ञ फिन वागस्टाइन यांचे उदाहरण याहून बोलके आहे. बीटा ब्लॉकर औषधे हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी करतात. त्यामुळे हृदय आधीच दुबळे झालेल्या रुग्णाला ती देऊ नयेत, हा पाठ्यपुस्तकातला नियम होता आणि तो तर्काला धरूनच होता. वागस्टाइन आणि सहकाऱ्यांचा तर्क निराळा होता. दुबळ्या हृदयावर अ‍ॅड्रेनॅलिनचा मारा सतत चालू राहतो. थकलेल्या बैलावर चाबूक ओढत राहावा तसा हा प्रकार आहे, तेव्हा आधी चाबूक थांबवायला हवा. १९७५ मध्ये त्यांनी अवघ्या सात रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. सातांवरून जगाने उपचार बदलला नाही, आणि बदलला नाही हेच योग्य झाले. डोस अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवावा लागतो, सुरुवातीला रुग्णाची प्रकृती बिघडूही शकते, हे सारे पुढच्या वर्षांत उमगत गेले. १९९९ च्या मेरिट-एचएफ चाचणीत ३,९९१ रुग्ण होते आणि मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांमधील मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले. ज्या औषधाला मनाई होती, ते आज हृदय निकामी होण्याच्या उपचाराचा आधारस्तंभ आहे.

इथे एक शंका रास्त आहे. मेटोप्रोलॉल बनवणारी हेसले ही कंपनी गोथेनबर्गलगतच्या मोल्न्दालची. मग हे विज्ञान की बाजार? पैसा कंपनीचा होता हे खरेच. पण बायसोप्रोलॉल या वेगळ्या कंपनीच्या औषधाच्या मोठ्या चाचणीतही त्याच वर्षी जवळजवळ तसाच परिणाम दिसला. स्वारस्य असलेल्याने मांडलेला पुरावा दुसऱ्याने पडताळला, की स्वारस्याचा मुद्दा बराचसा गळून पडतो. शिवाय याच परिसरातले एक उदाहरण उलट दिशेचे आहे. कार्लसन यांच्या सहभागातून घडलेले झिमेलिडिन हे सेरोटोनिनवर काम करणारे नैराश्याचे औषध १९८३ मध्ये मागे घ्यावे लागले, कारण काही रुग्णांना मज्जातंतूंचा गंभीर आजार झाला. कल्पना बरोबर होती, त्याच तत्त्वावरची दुसरी औषधे पुढे घरोघरी पोहोचली. हे औषध मात्र गेले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. यशस्वी झालेल्या बंडखोरांचीच नावे आपण घेतो, फसलेल्यांचे काय? याचे उत्तर स्वीडनमध्येच आहे. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद पाओलो मक्कियारिनी यांनी २०११ पासून रुग्णांना कृत्रिम श्वासनलिका बसवल्या. प्राण्यांवरील पुरेसे प्रयोग झालेले नव्हते. तिथले तिन्ही रुग्ण दगावले आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने मक्कियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा ठोठावली. धाडसात ते कुणाहून कमी नव्हते. फरक होता तो पायऱ्या चढण्यात आणि गाळण्यात.

गोथेनबर्गच्या मॅट्स ब्रेन्स्ट्रॉम यांचे गर्भाशय प्रत्यारोपण शेजारी ठेवले की हे स्पष्ट दिसते. ज्या स्त्रीला जन्मतः गर्भाशय नाही किंवा आजारात काढावे लागले, तिच्यासाठी हा विचार १९९० च्या दशकाअखेरीस सुरू झाला. मग उंदीर, मेंढ्या, डुकरे, बबून माकडे असा दशकाहून अधिक काळ गेला. त्यानंतरच २०१२-१३ मध्ये नऊ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. सात जणींचे प्रत्यारोपित गर्भाशय टिकले, दोघींचे काढावे लागले, आणि हे दोन्ही आकडे जाहीर झाले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांतल्या एकीला मूल झाले. प्रत्यारोपित गर्भाशयातून जन्मलेले ते जगातले पहिले बाळ.

भारतातली सुरुवात पुण्याची आहे. मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने आईचे गर्भाशय मुलीला बसवले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला मुलगी झाली. दात्या स्त्रीचे गर्भाशय दुर्बिणीतून काढण्याची पद्धत ही पुण्याची भर. गोथेनबर्गमधल्या दात्यांना उघड्या शस्त्रक्रियेत दहा तासांहून अधिक काळ टेबलावर राहावे लागले होते, हे लक्षात घेतले तर तिचे महत्त्व कळते. तरी मूळ आक्षेप उरतोच: हा अवयव जीव वाचवण्यासाठी नाही, मग निरोगी आईला एवढ्या जोखमीत का घालावे? मूल हवे असणाऱ्या स्त्रीच्या इच्छेला मी कमी लेखत नाही, पण त्या इच्छेने आईची जोखीम मोजली जात नाही. ती मोजायची तर प्रत्येक दात्या स्त्रीची प्रकृती वर्षानुवर्षे नोंदवून, फसलेल्या शस्त्रक्रियांसकट, प्रसिद्ध करायला हवी. बाळाच्या जन्माची बातमी पहिल्या पानावर येते, दात्या आईच्या पाच वर्षांनंतरच्या तपासणीची येत नाही. वैद्यकाला मात्र दोन्ही लागतात.