खोडमाशी, विंचू आणि माणसाचे काळीज

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी पेरताना बियाण्याला अनेकदा इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम चोळलेले असते. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या इथल्या ज्वारीचा उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यातला मोठा वैरी म्हणजे खोडमाशी. तिची अळी कोवळ्या रोपात शिरून वाढता कोंब कुरतडते आणि पोंगा वाळतो. बियाण्यावरचे औषध रोपाच्या रसात उतरते आणि अळीच्या मज्जासंस्थेत अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन जिथे निरोप पोचवते, नेमक्या त्या जागा धरून बसते. किड्याच्या नसा कशा चालतात याचे ज्ञान असे पेरणीच्या दिवशीच शेतात उतरलेले असते. तरीही कणाहीन प्राण्यांचे हृदय आणि मज्जातंतू अभ्यासणे ही प्रयोगवहीपुरती हौस आहे, अशी समजूत टिकून आहे. मला ती चुकीची वाटते. माणसाची नस आणि काळीज समजायला लागले ते बऱ्याच अंशी याच प्राण्यांमुळे.

कोकणात ज्याला माकूळ म्हणतात त्या स्क्विडच्या अंगात जवळजवळ एक मिलिमीटर जाडीचा मज्जातंतू असतो. आपले जाडात जाड तंतूही त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतके. 1936 साली जे. झेड. यंग यांनी त्याकडे लक्ष वेधले, 1939 मध्ये हॉजकिन आणि हक्स्ली यांनी त्याच्या आत तार घालून विद्युतदाब मोजला, आणि 1952 पर्यंत हिशेब मांडला: सोडियम आत येते, पोटॅशियम बाहेर जाते, आणि निरोप पुढे सरकतो. 1963 च्या नोबेलमागे हे काम होते. लाल विंचवाचे विष याच सोडियमच्या दारांवर काम करते. ती वेळेवर मिटू देत नाही. नसा पेटतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी हृदयावरच्या या घाल्याची लक्षणे 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवली, पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले, आणि सुमारे 40 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आले.

यावर कोणी म्हणेल, बावसकरांनी विंचू कुठे चिरला होता? मुद्दा बिनतोड आहे. त्यांचा शोध रुग्णाच्या खाटेपाशी लागला आणि त्याचे श्रेय प्रयोगशाळेला देणे अप्रामाणिकपणा ठरेल. पण रुग्ण का दगावतो याचे उत्तर मात्र माकुळाच्या तंतूपासून सुरू झालेल्या वाटेवरच सापडते. शिवाय याच भारतीय लाल विंचवाच्या विषातून 1990 साली 37 अमिनो आम्लांचे इबेरियोटॉक्सिन वेगळे काढले गेले. पोटॅशियमची एक विशिष्ट वाट ते बंद करते, म्हणून रक्तवाहिन्यांचा ताण अभ्यासणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात.

हृदयाबाबतचा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे. ए. जे. कार्लसन यांनी 1904 च्या सुमारास विंचवाच्या नात्यातल्या लिम्युलस या नालखेकड्यावर दाखवले, की हृदयावरची मज्जातंतूंची गाठ काढली की ठोके थांबतात. आपले हृदय स्नायूतूनच ठेका धरते. मग तुलना कशाला? कारण ठेक्याचा उगम वेगळा असू शकतो, हेच मुळी या तुलनेतून स्पष्ट झाले. आणि घडणीत साम्यही खोल आहे: टिनमॅन हे जनुक नसलेल्या फळमाशीत हृदय तयारच होत नाही, तर माणसातल्या त्याच्या भावंडात बिघाड असला की जन्मतः हृदयाच्या पडद्याला छिद्र राहू शकते.

खरी अडचण पुढे आहे. यंत्रणा इतकी सामाईक असेल, तर किड्याचे विष आपलेही विष. मोनोक्रोटोफॉससारखी औषधे अ‍ॅसिटिलकोलीनचा निचरा करणारे जे विकर अडवतात, ते किड्यात आणि फवारणाऱ्यात सारखेच काम करते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. इमिडाक्लोप्रिडच्या पिढीने फरकाचा फायदा घेतला: ही औषधे किड्याच्या ग्राहींना माणसाच्या ग्राहींपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतात. हा फरक कळला तो किड्यांच्या नसा तपासल्यामुळेच. पण मधमाशीही किडाच आहे, आणि ज्वारी फुलोऱ्यात आली की ती परागासाठी कणसांवर येते. औषधाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण ठरतो तो उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून. मधमाशीच्या नसांचे काय होईल, याविषयी तो रंग काहीच सांगत नाही.