नव्या फायटर माशाचे पहिले पंधरा दिवस

शोभिवंत मत्स्यपालन हा पूरक व्यवसाय म्हणून अनेक शेतकरी कुटुंबांत रुजत आहे. त्यात बेटा, म्हणजेच बाजारातील ‘फायटर’, हा मासा नवशिक्यांच्या विशेष पसंतीस उतरतो. त्याला जागा कमी लागते, रंगांचे वैविध्य मोठे असते आणि चेन्नईतील कोळत्तूरसारख्या पैदास केंद्रांतून तो दूरवर पाठविला जातो. तथापि, नवा मासा आठवड्याभरात सुस्तावतो, खाणे सोडतो, त्याचे पर झडू लागतात आणि पालक औषधाच्या शोधात निघतो, असे वारंवार घडते. अशा वेळी औषधाआधी पाणी तपासणे अगत्याचे आहे.

हवेवर जगणारा, पण अमोनियापुढे हतबल

बेटा हा मूळचा थायलंड परिसरातील भातखाचरे व दलदलीत राहणारा मासा. डोक्यातील लॅबिरिंथ नावाच्या अवयवामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतील प्राणवायू घेऊ शकतो. त्यामुळे तो लहानशा बरणीत सुखाने राहतो, असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात माशाच्या शरीरातून बाहेर पडणारा आणि उरलेल्या खाद्यापासून तयार होणारा अमोनिया अल्प पाण्यात झपाट्याने साठतो. त्याने कल्ले व त्वचा भाजल्यासारखी होते आणि रोगजंतूंना वाट मिळते.

जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत उपयुक्त जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि पुढे तुलनेने कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोपर्यंत परीक्षण संचाने नियमित तपासणी करावी. अमोनिया किंवा नायट्राइट आढळल्यास २५ ते ३० टक्के पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीनमुक्त करूनच वापरावे. एका माशासाठी किमान १५ ते २० लिटरची झाकण असलेली टाकी, २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ७ च्या आसपास सामू योग्य ठरतो.

पिशवी उघडताना

वाहतुकीत बंद पिशवीतील कार्बन डायऑक्साइड वाढून पाण्याचा सामू उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बहुतांशी कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच हा वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया घातक बनतो. म्हणून बंद पिशवी १५ ते २० मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे. उघडल्यावर थोडे थोडे टाकीतील पाणी मिसळून विनाविलंब मासा जाळीने टाकीत सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

लक्षणांची ओळख

- पर झिजणे, कडा काळसर वा लालसर होणे: हा बहुधा अस्वच्छ पाण्यात बळावणारा जिवाणूजन्य रोग असतो. आरंभीच्या अवस्थेत पाणी सुधारताच नवे पारदर्शक पर फुटू लागतात.
- साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके: हा ‘इक’ या परजीवीचा प्रादुर्भाव होय. औषध परजीवीच्या केवळ पाण्यात मुक्त पोहणाऱ्या अवस्थेवर परिणाम करते. त्यामुळे ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार मध्येच थांबवू नये.
- टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात दिसणारी सोनेरी धूळ: हा मखमली रोग होय. या परजीवीत हरितद्रव्य असल्याने उपचारकाळात टाकी अंधारात ठेवणे उपयुक्त ठरते.
- पोट फुगणे, तिरके पोहणे: अतिखाद्य हे नेहमीचे कारण. दोन दिवस खाद्य बंद ठेवावे.
- फुगवट्यासह खवले उभे राहणे: शरीरात पाणी साठल्याचे हे गंभीर लक्षण असून मासा वाचण्याची शक्यता कमी असते.

कीटकनाशकांचा दुर्लक्षित धोका

शेतकऱ्याच्या घरी आणखी एका कारणाचा विचार करावा लागतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी पायरेथ्रॉइड कीटकनाशके कीटकांप्रमाणेच माशांच्या चेतासंस्थेवर आघात करतात. सस्तन प्राण्यांच्या शरीरात त्यांचे विघटन लवकर होते, माशांत मात्र ते मंद असते. डासांची कॉइल, द्रवरूप डासनाशके आणि झुरळांवरील फवारे यांतही याच गटातील घटक असतात. हवेचा पंप खोलीतील ही हवा थेट पाण्यात सोडतो. मासा एकाएकी झटके देऊ लागला, गोल फिरू लागला किंवा तोल गमावून बसला, तर रोगाआधी अलीकडच्या फवारणीचा शोध घ्यावा आणि त्वरित क्लोरीनमुक्त पाणी बदलावे. फवारणीसाठी वापरलेली बादली, मग किंवा नळी टाकीजवळ आणू नये. फवारणीनंतर हात साबणाने धुतल्याखेरीज टाकीत घालू नयेत.

डासांच्या अळ्या हे बेटाचे उत्तम जिवंत खाद्य आहे. मात्र फवारलेल्या शेताजवळील डबक्यातून वा गटारातून त्या गोळा करू नयेत. डबक्यातील पाण्यासोबत चतुराची पिल्ले आल्यास ती माशाची पिले फस्त करतात.

विलगीकरण आणि उपचार

पैदाशीसाठी आणलेला प्रत्येक मासा किमान दोन आठवडे स्वतंत्र टाकीत, स्वतंत्र जाळी व नळीसह ठेवावा. सौम्य तक्रारींत प्रतिलिटर १ ते २ ग्रॅम आयोडीनविरहित मीठ वेगळे विरघळवून हळूहळू मिसळता येते. प्रतिजैविके मात्र मत्स्य आरोग्य तज्ज्ञांच्या सल्ल्याखेरीज वापरू नयेत. अंदाजाने दिलेली मात्रा टाकीतील उपयुक्त जिवाणू मारते, अमोनिया पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारे जंतू सांडपाण्यावाटे परिसरात पसरतात. औषधयुक्त पाणी शेततळ्यात वा विहिरीलगत सोडू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी नव्या लाभार्थ्यास मासे देण्यापूर्वी टाकी स्थिरावल्याची खात्री करून घ्यावी. आगमनाची तारीख, तापमान, सामू, अमोनिया, खाद्य आणि लक्षणे यांची साधी नोंदवही ठेवल्यास मासा दगावण्याचे कारण शोधता येते आणि पुढील खरेदीतील नुकसान टळते.