वनहक्काचा दावा: ग्रामसभेपासून सातबाऱ्यापर्यंत

आदिवासी पाड्यांवर जुनी पत्र्याची पेटी उघडली, की तिच्यातून कधी कधी वनखात्याच्या दंडाच्या पावत्या निघतात. जंगलजमीन नांगरली म्हणून आजोबांनी भरलेला दंड, त्यावर तारीख आणि सही-शिक्का. वर्षानुवर्षे ही पावती म्हणजे अतिक्रमणाचा कलंक होता. वनहक्क कायद्याखाली तीच सर्वांत भक्कम पुरावा ठरू शकते, कारण माणूस त्या जमिनीवर तेव्हा नांगर धरून होता, हे त्यात सरकारनेच लिहून दिलेले असते.

हा कायदा 2006 चा, त्याचे नियम 1 जानेवारी 2008 पासूनचे. तो जमीन वाटत नाही, आधीपासूनचा ताबा मान्य करतो. म्हणून 13 डिसेंबर 2005 पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते आणि प्रत्यक्ष कसलेलीच जमीन मिळते, तीही जास्तीत जास्त 4 हेक्टर. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना याशिवाय तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्या आजोबांच्या नावाचा कागदच कधी झाला नाही, त्यांच्यासाठी ही अट फार जाचक आहे.

दाव्याची सुरुवात तहसील कचेरीत होत नाही, ग्रामसभेत होते. ग्रामसभा 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडते. तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य आदिवासी आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. वैयक्तिक दाव्याचा नमुना वेगळा आणि चराई, गौण वनोपज किंवा गावाच्या पूर्ण वनक्षेत्राच्या व्यवस्थापनासाठीच्या सामूहिक दाव्यांचे नमुने वेगळे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हक्क मिळवला तो सामूहिक दाव्यातून.

दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, आणि गाडी अडते ती इथेच. मतदारयादी, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती हे तर चालतेच. पण कागद नसला तरी जमीनही बोलते: बांध, सपाट केलेली खाचरे, विहीर, स्मशानाची जागा, देवाचे ठिकाण. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही कायद्याने पुरावा मानला आहे. हा जबाब मात्र घाईघाईत उरकू नये. ‘अमुक कुटुंब पूर्वीपासून शेती करते’ अशी एकाच छापाची वाक्ये सगळ्या दाव्यांना जोडली, तर दावा पुढे तपासणाऱ्या वरच्या समितीला ती बाजूला सारणे सोपे जाते. 1972 च्या दुष्काळाआधी बांध घातला की नंतर, वरकस जमीन कुठे होती, कोणता ओहोळ हद्द होता, शेजारी कोण कसत होते, हे लिहिलेला जबाब सहजासहजी फेटाळता येत नाही.

मग जागेवर पडताळणी. वनहक्क समितीने वन आणि महसूल खात्याला आधी कळवायचे, ते आले की सर्वांनी मिळून हद्द फिरायची, नकाशा काढायचा, सह्या घ्यायच्या. खात्याचा माणूस आलाच नाही आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी परत येतो. तेव्हाही कोणी फिरकले नाही, तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. 2012 च्या दुरुस्तीने दिलेले हे मोठे हत्यार आहे. मात्र ते चालवायचे, तर दोन्ही वेळच्या नोटिशीची पोच फाइलीत हवी.

ग्रामसभेच्या ठरावानंतर फाइल प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हा समितीकडे जाते. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावा नाकारल्याची तक्रार अनेक ठिकाणी झाली. नियम मात्र स्पष्ट आहे: असे चित्र इतर पुराव्याला पूरक असते, त्याची जागा घेऊ शकत नाही. 2013 मध्ये गुजरात उच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली.

दावा नाकारला, तर कारण लेखी मागावे. ग्रामसभेच्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे 60 दिवसांत जाता येते. राज्यपालांच्या 2020 च्या अधिसूचनेमुळे महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात त्यापुढे विभागीय समितीकडेही अपिलाची सोय झाली. नकार कळवलाच नाही, तर ही मुदत कुठून मोजायची? हा प्रश्न किती जीवघेणा आहे, ते 2019 मध्ये दिसले. काही वन्यजीव संस्थांच्या 2008 पासूनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारीला, दावे अंतिमतः फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला. 28 फेब्रुवारीला त्यालाच स्थगिती देत, फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली होती का, असे राज्यांना विचारले.

दावा मंजूर झाला, की पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे निघतो. तो वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. नवऱ्याचेच नाव छापून आले असेल, तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागावी. पट्टा हाती आला, की तलाठ्याकडे जावे. पुढच्या तीन महिन्यांत हक्काची नोंद महसूल आणि वन, दोन्ही दप्तरांत व्हायला हवी.