रेल्वेचे छायाचित्र : गाडी येण्यापूर्वीची तयारी

रेल्वेच्या छायाचित्रणाचा छंद जडलेल्यांना खानदेशात विषयांची वानवा नाही. मुंबई-हावडा मार्ग जळगाववरून जातो. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्ग तेथेच त्याला मिळतो. तर चाळीसगाव-धुळे ही शाखा १९०० पासून अस्तित्वात आहे. मात्र भरधाव गाडी दिसल्यावर घाईने कॅमेरा उचलणाऱ्या नवशिक्याच्या हाती बहुधा अस्पष्ट चित्रच लागते. गाडी चौकटीत जेमतेम काही सेकंद असते. म्हणून जागा, प्रकाश आणि कॅमेऱ्याची मांडणी हे तिन्ही निर्णय ती येण्यापूर्वीच व्हायला हवेत.

आरंभासाठी धुळे स्थानक सोयीचे. शाखा येथेच संपत असल्याने गाडी काही काळ उभी असते. २०२१ मध्ये या मार्गावर विजेवर धावणारी मेमू सुरू झाली. उभ्या गाडीवर चौकट कशी साधावी, क्षितिज सरळ कसे ठेवावे, पार्श्वभूमीतील खांब गाडीच्या मुखावर येऊ न देता कसे टिपावे, याचा सराव येथे निवांतपणे करता येतो.

त्यानंतर प्रकाशाचा विचार करावा. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असल्यास गाडीचे रंग खुलतात. जळगाव-भुसावळ मार्ग साधारण पूर्व-पश्चिम आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेची बाजू लाभदायक ठरते. धुळ्याची शाखा बव्हंशी दक्षिणोत्तर आहे. तेथे सकाळी पूर्वेकडून आणि सायंकाळी पश्चिमेकडून टिपणे उचित.

वेगाचे गणित सोपे आहे. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे ३० मीटर पुढे जाते. शटरचा वेग १/१२५ सेकंद ठेवल्यास तेवढ्या वेळात ती सुमारे २४ सेंटीमीटर सरकते आणि चित्र पुसट होते. १/१००० सेकंदात हे अंतर अवघे ३ सेंटीमीटर उरते. गाडी काटकोनात न टिपता तिरकस कोनातून टिपल्यास हालचाल आणखी कमी जाणवते. मोबाइल वापरणाऱ्यांनी फोकस आधीच निश्चित करून सलग अनेक चित्रे घ्यावीत.

या साऱ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उभे राहण्याची जागा. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यातील परधाडे स्थानकाजवळ आगीच्या अफवेमुळे पुष्पक एक्सप्रेसमधून रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना शेजारच्या मार्गावरील कर्नाटक एक्सप्रेसने धडक दिली. त्यात किमान १२ जण मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचा छायाचित्रणाशी संबंध नव्हता. परंतु एका गाडीकडे लक्ष असताना दुसरी किती जवळ आलेली असते, हे तिने दाखवून दिले. कॅमेऱ्यात डोळा घातलेल्या व्यक्तीला तर आजूबाजूचे भानच उरत नाही. रुळांवर विनापरवाना प्रवेश हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार दंडनीय गुन्हाही आहे. तेव्हा फलाटाच्या कडेपासून दूर, पदपथ असलेल्या उड्डाणपुलावर किंवा मालकाच्या संमतीने शेताच्या बांधावर उभे राहावे. विद्युत तारांमध्ये २५ हजार व्होल्टचा दाब असतो. सेल्फी-काठी वा धातूची वस्तू तारांच्या दिशेने उंचावू नये. चालकाच्या डोळ्यांवर फ्लॅश टाकू नये.

पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी २०२० मध्ये थांबली. तिची जुनी छायाचित्रे आज दस्तऐवज ठरली आहेत. म्हणूनच प्रत्येक चित्राखाली तारीख, स्थानक आणि गाडीचे नाव नोंदविण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.