मोडींत निघणारी चांदी व मोडी याद्या

जुन्या घराण्याची वाटणी होते अथवा वाडा विकावयास निघतो, त्या वेळीं घरांतील चांदीचें मोल बहुधा तराजूच ठरवितो. सराफ घट वजा करून तोळ्यावर भाव सांगतो, आणि गुलाबदाणी, पानदान, देव्हाऱ्यांतील टाक ह्या सर्वांची गणना 'मोड' ह्या एकाच शब्दांत होते. संग्राहकास उत्तम वस्तु अल्प मोलांत मिळते ती ह्या रीतीमुळेंच. परंतु न मिळाल्यास ती मुशींत जाते.

नागपूर प्रांतांतील ठळक उदाहरण भोसल्यांच्या जिनगीचें होय. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले व १८५४ त डलहौसीनें राज्य खालसा केलें. पुढें हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर मातीमोल किंमतीस विकले गेले आणि जवाहीर विक्रीसाठीं कलकत्त्यास गेलें. कोणती वस्तु कोणाची, हें सांगणारा धागा अशा विक्रींत तुटतो. उलट, २०२५ त लंडनच्या लिलावांत महाराष्ट्र शासनानें पहिल्या रघूजींची तलवार सुमारें ४७ लक्ष रुपयांस मिळविली. तिच्यावर देवनागरींत त्यांचें नांव व 'सेनासाहेबसुभा' हें पद आहे. तें नसतें तर ती अनेक फिरंगांपैकीं एक ठरती.

भंडारा जिल्ह्यांत, कोशाच्या विणकामासाठीं प्रसिद्ध असलेल्या आंधळगांवासारख्या ठिकाणीं, शोध घ्यावयाचा तो राजवाड्यांतील नव्हे तर मालगुजारांच्या व सुखवस्तु घरांतील चांदीचा. मालगुजारी १९५१ त संपली. इंग्लंडांतील चांदीवर कसाचे व परीक्षागृहाचे ठसे असतात; आपल्याकडील जुन्या घरगुती चांदीवर तसें कांहीं सहसा आढळत नाहीं. भुजच्या ओमरसी मावजी ह्यांच्या कामावर त्यांच्या नांवाचीं इंग्रजी आद्याक्षरें सांपडतात, पण तो अपवाद. म्हणून भांड्याचा तळ, कड व झांकणाची आंतली बाजू पाहावी. तेथें टोचणीनें नांव किंवा वजन घातलेलें असल्यास तें घासून काढूं देऊं नये. चकाकी आणण्याच्या हौसेनें किती पुरावा नाहींसा झाला आहे!

खरा आधार मात्र कागदाचा. घरच्या बाडांत लग्नाची, वाटणीची अथवा गहाणाची मोडी यादी असली तर तींत भांडें व त्याचें वजन नोंदलेलें असतें. १८३५ पासूनचा कंपनी सरकारचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारें ११.६६ ग्रॅम, व बारांत अकरा भाग चांदीचा होता. 'रुपये भार' हें माप त्यावरून लावतां येतें. त्यापूर्वींचे रुपये प्रांतोप्रांतीं भिन्न असल्यानें जुन्या यादीस हा हिशेब सरसकट लावूं नये. वजन थोडें कमी भरल्यास शंकेचें कारण नाहीं, तें घासण्यानें झिजतें. जास्त भरलें तर मात्र डाग, भर किंवा बदललेली बैठक शोधावी. यादी रद्दीवाल्याकडे व तबक सराफाकडे गेलें, कीं दोन्ही मुकीं होतात. म्हणून चांदी पाहावयास गेलेल्यानें कागदांची पेटीही मागावी. ती पुष्कळदां फुकट मिळते.

विक्री करणाऱ्यास कारागिरीचें मोल आधीं सांगावें, असें आमचें मत आहे. अज्ञानाचा लाभ घेऊन घेतलेल्या वस्तूबरोबर घराण्याची हकीकत कोणी मोकळेपणें देत नाहीं. शिवाय १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील वस्तु व पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाचीं हस्तलिखितें पुरावस्तूंत मोडतात. खाजगी व्यक्तीस तीं परदेशीं पाठवितां येत नाहींत, आणि त्यांचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो.